सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातला रक्तप्रवाह: मॉडेल कोणत्या क्रमानं बांधायचं

केशवाहिन्यांच्या जाळ्याचं मॉडेल करायला बसलेल्यांचं गणित सहसा चुकत नाही. समीकरणं मोजकी आहेत आणि ती बारावीच्या भौतिकशास्त्राच्या फार पुढे जात नाहीत. चुकतो तो क्रम. जाळं नीट न तपासता फाट्यांवरच्या तांबड्या पेशींच्या वाटणीचं सूत्र घालायचं, मग व्हिस्कॉसिटी (रक्ताचा दाटपणा) बदलायची, मग उत्तर पटलं नाही की सीमेवरचे दाब ओढूनताणून जुळवायचे. गंमत म्हणजे सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, दर वेळी काहीतरी उत्तर देतोच. चूक असली तरी कुठे लाल दिवा लागत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या आणि प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी पार पडल्याशिवाय पुढे सरकू नका.

हा लेख जाळ्याच्या मॉडेलबद्दल आहे. त्यात प्रत्येक वाहिनी म्हणजे एक सरळ नळी, फाटे म्हणजे नोड आणि प्रवाह स्थिर. साधारण १०० मायक्रोमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांसाठी हे चालतं, आणि का चालतं ते आकड्यात बघा. ६ मायक्रोमीटर व्यास आणि सेकंदाला १ मिलिमीटर वेग घेतला तर रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे जडत्व आणि व्हिस्कॉसिटी यांच्या प्रभावांचं गुणोत्तर, ०.००५ च्या आसपास येते. जडत्वाचा प्रश्नच उरत नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर दाब बदलतो, पण इतक्या बारीक नळीत मध्यापासून भिंतीपर्यंतची वेगाची वाटणी त्या बदलाशी लगेच जुळवून घेते. त्यामुळे हजारो वाहिन्यांच्या जाळ्यासाठी त्रिमितीय फ्लो सॉफ्टवेअर उघडून आठवडे घालवू नका. ते एखाद्या फाट्यातून पेशी नेमकी कशी वळते हे बघायला ठेवा.

## ० : बसण्याआधी काय हाताशी हवं

जाळ्याची माहिती स्वतः गोळा केलेली नसेल तर तयार माहितीवर सुरुवात करा. उंदराच्या, नेमकं सांगायचं तर रॅटच्या, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातलं ५४६ तुकड्यांचं जाळं या क्षेत्रात वर्षानुवर्षं कसोटीसाठी वापरलं जातं. ते बर्लिनच्या अ‍ॅक्सेल प्रीस यांच्या आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या टिमथी सीकोम यांच्या कामातून आलं. कोड आधी त्याच्यावर चालवा, मग स्वतःच्या स्कॅनवर.

प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लागतात: दोन टोकांचे नोड क्रमांक, व्यास आणि लांबी. त्याखेरीज कोणते नोड सीमेवरचे, त्यांतला कोणता धमनिकेकडचा (रक्त आणणाऱ्या बारीक धमनीकडचा) आणि कोणता शिरिकेकडचा (रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरेकडचा), आणि रक्त कोणत्या प्राण्याचं. शेवटची बाब बहुतेक जण लिहून ठेवत नाहीत आणि पाचव्या टप्प्यात अडकतात.

## १ : जाळं साफ करणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. स्कॅनवरून सांगाडा, म्हणजे वाहिन्यांच्या मध्यरेषा, काढणारी सॉफ्टवेअर खोटे काटे तयार करतात: वाहिनीच्या भिंतीतून बाहेर आलेले, व्यासापेक्षाही आखूड तुकडे. ते काढून टाका. मधेच तुटलेल्या वाहिन्या मूळ प्रतिमा उघडून जोडा. आपोआप जोडणाऱ्या नियमावर विसंबून राहिलात तर धमनिका थेट शिरिकेला जोडली जाते, आणि मग अख्ख्या जाळ्याचं रक्त त्या एका वाटेनं पळतं.

मग व्यास. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यास १० टक्के जास्त मोजला गेला तर प्रवाह ४६ टक्के जास्त निघतो. बाकी कुठल्याही आकड्यातली चूक इतकी महागात पडत नाही.

एकाच तुकड्यावर व्यास बदलत असेल तर सरळ सरासरी घेऊ नका. अर्धी लांबी ६ आणि अर्धी १० मायक्रोमीटर असेल तर सरासरी ८ येते. पण अडथळा ठरतो व्यासाच्या उणे चौथ्या घातावर. त्या घाताची सरासरी काढून उलट फिरलं की परिणामी व्यास ६.९ मायक्रोमीटर मिळतो. ८ वापरलात तर त्या तुकड्याचा प्रवाह जवळजवळ ८० टक्के फुगतो.

लांबी वळणावळणानं मोजा, टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत नाही. पण पिक्सेलच्या पायऱ्यापायऱ्यांनी मोजलेली लांबीही खरी नसते, ती जास्त येते. आधी रेषा थोडी गुळगुळीत करून घ्या.

सावधान: मेलेल्या, रसायनात टिकवलेल्या ऊतीवरचा व्यास आणि जिवंत प्राण्यात मोजलेला व्यास एक नसतो, कारण टिकवताना ऊती आकसते. कोणता वापरता आहात ते फाइलच्या पहिल्या ओळीतच लिहा.

तपासा: जाळं एकसंध आहे का? सुटे पडलेले तुकडे किती? सीमेवरचे म्हणून ठरवलेले नोड सोडून एकाच तुकड्याला जोडलेले नोड किती? असे आंधळे फाटे सापडले तर एकतर ते तुटलेले आहेत किंवा ते सीमेवरचेच आहेत आणि तुमच्या यादीतून सुटले आहेत.

## २ : एककं एकदाच ठरवा

मूळ सूत्र असं:

प्रवाह = (पाय × व्यासाचा चौथा घात × दाबातला फरक) ÷ (१२८ × व्हिस्कॉसिटी × लांबी)

मीटर, पास्कल, सेकंद यांत हे घातलं तर ६ मायक्रोमीटर व्यासाच्या, ५०० मायक्रोमीटर लांबीच्या तुकड्याची वाहकता, म्हणजे दाबाच्या एका एककामागे मिळणारा प्रवाह, येते साधारण ५ भागिले १० चा सतरावा घात. इतक्या लहान आकड्यांवर सॉल्व्हर फसतो. त्यात थांबण्यासाठी आधीपासून ठरलेली चुकीची निरपेक्ष मर्यादा त्याहून कितीतरी मोठी असते, त्यामुळे तो पहिल्याच फेरीत ‘उत्तर मिळालं’ म्हणून थांबतो. तुम्हाला मिळतो सुरुवातीचाच अंदाज, नीटनेटका छापलेला.

म्हणून दाब मिलिमीटर पाऱ्यात आणि प्रवाह मिनिटाला नॅनोलिटरमध्ये ठेवा. तोच तुकडा, व्हिस्कॉसिटी फक्त रक्तरसाची म्हणजे १.२ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर वाहकता ०.४२ येते. हे आकडे माणसाला वाचता येतात आणि यंत्राला सोसवतात.

तपासा: या तुकड्यात वेग सेकंदाला १ मिलिमीटर हवा असेल तर प्रवाह मिनिटाला १.७ नॅनोलिटर आणि दाबातला फरक ४ मिलिमीटर पारा यायला हवा. तुमच्या कोडमधून हे दोन आकडे येत नाहीत तोवर पुढे जाऊ नका. एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३.३ पास्कल. एक नॅनोलिटर म्हणजे दहा लाख घन मायक्रोमीटर. मिनिट आणि सेकंद यांतला ६० हा आकडा विसरणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक असावी.

## ३ : सीमेवरच्या अटी

लहान जाळ्यात एक धमनिका आत येते आणि एक शिरिका बाहेर जाते. दोन्हींचे दाब मोजलेले असले तर प्रश्न मिटला. खरी अडचण मेंदूच्या किंवा स्नायूच्या ठोकळ्यासारख्या नमुन्यात येते. तिथे ठोकळ्याच्या पृष्ठभागावर शेकडो केशवाहिन्या कापल्या गेलेल्या असतात आणि त्यांतल्या एकीचाही दाब कुणी मोजलेला नसतो.

लोक दोन सोपे मार्ग घेतात. एक, त्या सगळ्या बंद करायच्या. मग काठाजवळचं रक्त साचून राहतं आणि आतल्या वाहिन्यांना नको तेवढा प्रवाह मिळतो. दुसरा, सगळ्यांना एकच दाब द्यायचा. मग रक्त जवळच्या काठाकडे पळतं आणि नमुन्याचा मधला भाग कोरडा दिसतो. दोन्ही चुका निकालात स्पष्ट उमटतात, पण त्या शरीराच्या आहेत असं समजून त्यांच्यावर निष्कर्ष बांधले जातात.

यापेक्षा बरा मार्ग २०१२ मध्ये फ्राय, सीकोम आणि सहकाऱ्यांनी मांडला. प्रत्येक तुकड्यासाठी दाबाचं आणि भिंतीवरच्या कातर ताणाचं (वाहतं रक्त भिंतीला घासतं त्या ताणाचं) अपेक्षित मूल्य घ्यायचं. मग वस्तुमानाचा समतोल न मोडता, या अपेक्षांपासून कमीत कमी फारकत घेणारं उत्तर शोधायचं. एवढं करायचं नसेल तर निदान काठापासून दूरच्या मधल्या भागाचेच निकाल मांडा.

सावधान: किमान एका नोडवर दाब दिलाच पाहिजे. सगळीकडे फक्त प्रवाह दिलात तर दाबाला आधारच उरत नाही, मॅट्रिक्स उलटवता येत नाही, आणि काही सॉल्व्हर तरीही निमूटपणे आकडे देतात. जाळ्याचा सुटा पडलेला प्रत्येक भाग याच नियमात येतो.

## ४ : आधी एकच व्हिस्कॉसिटी

पेशींची वाटणी, व्यासानुसार बदलणारी व्हिस्कॉसिटी, सगळं बाजूला ठेवा. सर्व तुकड्यांत व्हिस्कॉसिटी ३ मिलिपास्कल-सेकंद घ्या. आतल्या प्रत्येक नोडवर येणारे आणि जाणारे प्रवाह जुळवले की दाबांसाठी एक रेषीय प्रणाली मिळते. मॅट्रिक्स सममित आणि विरळ असतं. काही हजार नोडपर्यंत थेट पद्धतीनं सोडवा, पुनरावृत्तीच्या पद्धतींच्या नादी लागू नका.

आता चार चाचण्या घ्या. एकच नळी: उत्तर हातानं काढता येतं. सममित वाय आकार: दोन्ही फांद्यांत अगदी सारखा प्रवाह. चौकोन आणि त्यात आडवा पूल, चारही बाजू सारख्या: पुलात प्रवाह शून्य. शेवटची म्हणजे ५४६ तुकड्यांचं जाळं: आत येणारं आणि बाहेर जाणारं रक्त दशलक्षांश भागापर्यंत जुळलं पाहिजे.

इथे दाबाचा नकाशा काढून नजरेनंही बघा. धमनिकेकडून शिरिकेकडे रंग हळूहळू बदलत जायला हवेत. एखाद्या ठिकाणी रंग अचानक तुटत असेल तर तिथे व्यास चुकलेला आहे किंवा चुकीची जोडणी आहे. परत पहिल्या टप्प्यावर जा.

## ५ : व्यासानुसार व्हिस्कॉसिटी

रक्त बारीक नळीत घातलं की पेशी मध्यभागी सरकतात, भिंतीजवळ रक्तरसाचा थर राहतो आणि रक्त पातळ असल्यासारखं वाहतं. हा फॅरेयस–लिंडक्विस्ट परिणाम काचेच्या नळीत अगदी स्पष्ट दिसतो. शरीरात मात्र वाहिनीच्या आतल्या भिंतीवर एक मऊ थर असतो, तो जागा खातो, आणि अडथळा काचेतल्यापेक्षा बराच जास्त निघतो. म्हणून दोन सूत्रं आहेत, आणि चुकीचं उचललं जाण्याचं प्रमाण फार आहे.

जिवंत वाहिन्यांसाठी प्रीस आणि सहकाऱ्यांचं १९९४ चं सूत्र वापरतात. ‘व्या’ हा व्यास मायक्रोमीटरमध्ये, ‘हि’ हा हिमॅटोक्रिट (रक्ताच्या घनफळातला तांबड्या पेशींचा वाटा) ० ते १ मध्ये, आणि ‘ई(…)’ म्हणजे नैसर्गिक घातांक:

ग = ६ × ई(−०.०८५ × व्या) + ३.२ − २.४४ × ई(−०.०६ × व्या^०.६४५)

ट = १ ÷ (१ + १०^(−११) × व्या^१२)

क = (०.८ + ई(−०.०७५ × व्या)) × (ट − १) + ट

र = ((१ − हि)^क − १) ÷ (०.५५^क − १)

स = (व्या ÷ (व्या − १.१)) चा वर्ग

सापेक्ष व्हिस्कॉसिटी = (१ + (ग − १) × र × स) × स

याला रक्तरसाच्या व्हिस्कॉसिटीनं गुणा. काचेच्या नळीसाठी ‘ग’ मधलं पहिलं पद २२० × ई(−१.३ × व्या) असतं आणि ‘स’ च्या जागी १ येतो.

तपासा: हिमॅटोक्रिट ०.४५ असताना शरीरातलं सूत्र ६ मायक्रोमीटरला १०.०, १० मायक्रोमीटरला ५.८७ आणि २० मायक्रोमीटरला ३.२३ देतं. काचेचं सूत्र अनुक्रमे १.२७, १.३३ आणि १.५९. १०० मायक्रोमीटरपर्यंत गेलात की दोन्ही जवळजवळ भेटतात: २.५३ आणि २.४४. पण ०.४५ ला ‘र’ नेहमीच १ होतो, त्यामुळे ‘क’ मधली चूक इथे लपून राहते. म्हणून १० मायक्रोमीटर आणि हिमॅटोक्रिट ०.३० घेऊनही बघा: ३.६५ यायला हवं.

दुसऱ्या टप्प्यातला तुकडा आठवतो? रक्तरसानं ४ मिलिमीटर पारा लागत होता. हिमॅटोक्रिट ०.४५ धरून शरीरातलं सूत्र लावलं की तोच वेग राखायला ४० मिलिमीटर पारा लागतो. केशवाहिनीच्या दोन टोकांत तेवढा दाब उपलब्धच नसतो. याचा अर्थ सूत्र खोटं असा नाही. इतक्या बारीक वाहिनीत हिमॅटोक्रिट सहसा ०.४५ नसतो, आणि वेगही गृहीत धरण्याची वस्तू नाही, तो मॉडेलनं सांगायचा असतो.

सावधान: व्यास मोजतानाच भिंतीवरचा थर वगळला असेल तर शरीरातलं सूत्र लावू नका. त्या थराचा अडथळा दोनदा मोजला जाईल. आणि शरीरातलं सूत्र रॅटवर बसवलेलं आहे. रॅटची तांबडी पेशी साधारण ५५ फेम्टोलिटरची, माणसाची साधारण ९० ची. घनमूळ काढलं तर आकारात सुमारे १८ टक्क्यांचा फरक. माणसाच्या वाहिन्यांसाठी सूत्रात व्यास घालताना तो त्या प्रमाणात लहान करून घाला.

## ६ : फाट्यावर पेशींची वाटणी

फाट्यावर रक्त ज्या प्रमाणात विभागतं त्या प्रमाणात पेशी विभागत नाहीत. कमी प्रवाहाची फांदी मुख्यतः भिंतीजवळचा रक्तरस ओढून घेते. प्रवाह फारच कमी असला तर तिच्यात एकही पेशी जात नाही.

‘प’ हा पहिल्या फांदीत गेलेला रक्ताचा वाटा, ‘त’ हा तिच्यात गेलेला पेशींचा वाटा, ‘मू’ हा मूळ वाहिनीचा व्यास, ‘हि’ तिचा हिमॅटोक्रिट. ‘व’ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या फांदीच्या व्यासांच्या वर्गांचं गुणोत्तर. लॉजिट(क्ष) म्हणजे क्ष ÷ (१ − क्ष) चा नैसर्गिक लॉगॅरिदम.

लॉजिट(त) = अ + ब × लॉजिट((प − न) ÷ (१ − २न))

अ = −१३.२९ × ((व − १) ÷ (व + १)) × (१ − हि) ÷ मू

ब = १ + ६.९८ × (१ − हि) ÷ मू

न = ०.९६४ × (१ − हि) ÷ मू

‘प’ हा ‘न’ पेक्षा कमी असेल तर ‘त’ शून्य, आणि १ − न पेक्षा जास्त असेल तर १. ही अट कोडमध्ये सूत्राच्या आधी लिहा, नंतर नाही. नाहीतर उणे आकड्याचा लॉगॅरिदम निघून सगळं जाळं बिघडतं.

तपासा: मूळ व्यास १०, हिमॅटोक्रिट ०.४०, फांद्या सारख्या, प = ०.३०. उत्तर त = ०.२०. म्हणजे त्या फांदीत हिमॅटोक्रिट ०.२७ आणि दुसरीत ०.४६. मग फांद्यांची अदलाबदल करून पुन्हा चालवा. दोन्ही वाट्यांची बेरीज नेमकी १ यायला हवी. येत नसेल तर सूत्र उतरवताना कुठेतरी चूक झाली आहे. सारख्या फांद्यांत ‘अ’ मात्र शून्य असतो, त्यामुळे त्याच्या चिन्हाची चूक इथे दिसत नाही.

दोन वाहिन्या मिळतात तिथे हे सूत्र लागत नाही, तिथे साधी बेरीज. तीनपेक्षा जास्त फांद्यांचे नोड बहुधा स्कॅनमधून आलेले असतात. तिथे अगदी आखूड तुकडा घालून दोन फाटे करा, किंवा पेशी प्रवाहाच्या प्रमाणात वाटा आणि तसं नमूद करा.

हिमॅटोक्रिट दोन प्रकारचा असतो याचंही भान ठेवा. या सूत्रांत लागतो तो वाहून जाणाऱ्या रक्तातला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून मिळतो तो नळीत एका क्षणी असलेला, आणि तो कमी असतो, कारण पेशी रक्तरसापेक्षा भरभर पुढे सरकतात. मोजलेला आकडा थेट आत टाकणं ही चूक छापील शोधनिबंधांतही डोकावते.

## ७ : दोन्ही एकत्र फिरवणं

आता फेरी अशी: दाब काढा, प्रवाह काढा, नोड उतरत्या दाबानं लावा, त्या क्रमानं पेशी वाटत खाली या, नव्या हिमॅटोक्रिटवरून व्हिस्कॉसिटी काढा, पुन्हा दाब. प्रवाह नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, म्हणून उतरता दाब हाच पुरेसा क्रम आहे, वेगळी युक्ती लागत नाही. मात्र क्रम प्रत्येक फेरीत नव्यानं लावा. मधल्या काही वाहिन्यांत फेरीगणिक दिशा उलटते.

नवा हिमॅटोक्रिट पूर्ण उचलू नका. जुन्याचा ६० टक्के आणि नव्याचा ४० टक्के असं मिश्रण घ्या. तरीही काही तुकडे दोन किमतींमध्ये हेलकावत राहतील. मिश्रणाचं प्रमाण कमी केल्यावर हेलकावे थांबले तर तो अंकगणिताचा दोष होता. थांबलेच नाहीत तर घाई करून त्यांना दडपू नका, कारण अशा जाळ्यात स्थिर अवस्था डळमळीत असू शकते आणि प्रवाह आपोआप आंदोलत राहू शकतो.

थांबायची अट प्रवाह आणि हिमॅटोक्रिट दोन्हींवर लावा. फक्त दाबावर लावली तर फेऱ्या फार लवकर थांबतात. आणि जवळजवळ शून्य प्रवाहाचे तुकडे या तपासणीतून वगळा, त्यांत शून्य भागिले शून्य होऊन अट कधीच पूर्ण होत नाही.

## ८ : पडताळणी आणि मॉडेल कुठे लावू नये

आत आलेल्या पेशी आणि बाहेर गेलेल्या पेशी जुळल्या का, हे रक्तापासून वेगळं तपासा. केशवाहिन्यांतला वेग सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली असावा. भिंतीवरचा कातर ताण धमनिकांत शिरिकांपेक्षा जास्त निघावा. मग सगळे व्यास १० टक्क्यांनी वर-खाली करून पुन्हा चालवा आणि निष्कर्ष टिकतो का बघा. तुलना वाहिनीगणिक नको, वितरणांची करा. एकेका वाहिनीचा वेग जुळेल अशी अपेक्षा धरलीत तर निराशा ठरलेली.

आपल्याकडे एक मोह हमखास होतो. गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे त्यांच्या रक्तासाठी हेच मॉडेल चालवून बघावं असं विद्यार्थ्यांना वाटतं. वरची सूत्रं निरोगी, लवचिक पेशींवर बसवलेली आहेत. ऑक्सिजन कमी झाला की सिकल पेशी कडक होतात, भिंतीला चिकटतात, वाट अडवतात. तिथे हिमॅटोक्रिट आणि व्यास एवढ्यावरून व्हिस्कॉसिटी ठरत नाही, ऑक्सिजन आणि वेळ दोन्ही समीकरणात यावे लागतात. तसंच ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक वाहिनी आढळली तर तिला सूत्र लावण्याआधी ती खरी आहे का हे प्रतिमेत जाऊन बघा. बहुतेक वेळा तिथे स्कॅनचीच मर्यादा संपलेली असते.